शिंगाड्यांचं तळं

"लहानपणी मी ह्याच्याच वेलात बुडून मरणार होतो," चिंतामणी शिंगाडा सोलता सोलता म्हणाला, आणि अंबादासच्या बशीतला चहा त्याच्या धुतल्या धोतरावर सांडला. तसं पाहिलं तर त्या रविवारी वेगळं काहीच घडत नव्हतं. दिवाकरच्या ओसरीवर तिघे मित्र गेली बारा वर्षं दर रविवारी दुपारी बसायचे तसेच बसले होते. दिवाकर रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, चिंतामणी शाळामास्तर आणि अंबादास कचेरीत नकला तपासणारा. दिवाकरच्या बायकोने, वसुधाने, कार्तिकातले ताजे शिंगाडे उकडून परातभर बाहेर पाठवले होते. अंबादासने नेहमीप्रमाणे परात पुढे सरकवली. दिवाकरने नेहमीप्रमाणे त्याला छेडलं, की सगळ्या जबलपुरात शिंगाडा न खाणारा हा एकच महाभाग. मग कोणाला काय आवडतं आणि का आवडतं, यावर गोष्ट निघाली. दिवाकर म्हणाला, मला इंजिनाच्या धुराचा वास आवडतो. लहानपणी वर्षातून एकदा आई माहेरी वर्ध्याला न्यायची, गाडीत डोळ्यात कोळशाचा कण जायचा, आणि आई पदराच्या बोळ्यावर फुंकर मारून डोळा शेकायची. एरवी घरात बाराजणांच्या रगाड्यात आईने जवळ घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. हे त्याने हसत सांगितलं. मग त्याने विषय अंबादासवर ढकलला. हा गृहस्थ दुधाचा पेलासुद्धा आधी हुंगून पाहतो, दाराला कडी घालून पुन्हा ओढून बघतो. आणि हा चिंतामणी, रस्त्यात भेटलेल्या टांगेवाल्याला छत्री देऊन येतो आणि छत्री परत येईल म्हणून वाट पाहतो. एवढा फरक दोन माणसांत कशाने पडतो? तेव्हा चिंतामणीने ते वाक्य उच्चारलं.

सात वर्षांचा होतो, तो सांगू लागला. माढोतालच्या काठी आमच्या काकांची बाग होती. पाण्यावर पाय ठेवला तर सरळ चालत जाता येईल इतके वेल दाट. पाय घसरला, देठांची दोरखंडं पायांना गुंडाळली गेली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि मग केसांत एक हात आला. त्या हाताला तीनच बोटं होती. दोन पालथ्या मडक्यांवर फळी बांधून शिंगाडे तोडणारा म्हातारा ढीमर कोळी होता तो. त्याने मला फळीवर पालथा टाकला, काठावर आणून आपल्या घोंगडीत गुंडाळला आणि गरम गरम उकडलेले शिंगाडे सोलून तोंडात घातले. चिंतामणीने परातीतला आणखी एक उचलला. तेव्हापासून शिंगाडा तोंडात टाकला, की जीव परत आल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला आणि खरी गोष्ट तर याच्यापुढेच आहे, असंही म्हणाला. पण अंबादास तोवर उठला होता. डोकं दुखतंय, असं काहीतरी पुटपुटून त्याने वहाणा पायात सरकवल्या. दिवाकर मागून काय म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही.

कारण ती गोष्ट अंबादासची होती. माढोतालचं ते पाणी, तो वेल, केस धरून ओढणारा तीन बोटांचा हात, पालथी मडकी, सगळं त्याचं होतं. त्याचे वडील अमरावतीकडून इथे नोकरीला आले तेव्हा पहिलं बिऱ्हाड त्या तळ्याजवळच होतं. आणि तो बुडाला होता, मरता मरता वाचला होता, तीन दिवस तापात फणफणला होता, आईने मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली होती. तेव्हापासून त्याने शिंगाडा तोंडात घातला नव्हता. ही गोष्ट त्याने बारा वर्षांत ना दिवाकरला सांगितली ना चिंतामणीला. आईबाप तर कधीच गेले होते. जन्मात एकाच माणसाला सांगितली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पहिल्या एकादशीला विनताने हौसेने शिंगाड्याच्या पिठाचा शिरा केला. त्याने ताट सरकवलं, ती रडवेली झाली, तेव्हा त्याने तिला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उठून पिठाचा डबा शेजारी देऊन आली. त्यानंतर आज चौदा वर्षं त्या घरात शिंगाड्याचं पीठ आलं नव्हतं. एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी, एवढंच. म्हणजे विनताशिवाय ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. अंबादास भर रस्त्यात थांबला, कारण पुढचं पाऊल टाकायचं तर पुढचा विचारही करावा लागणार होता.

सरळ डोक्याच्या माणसाला आणखीही दोनचार शक्यता सुचल्या असत्या. अंबादासला सुचल्या नाहीत. सतरा वर्षं त्याने कचेरीत एकच काम केलं होतं. नकलनवीस कागदाची नक्कल उतरवायचा, मग मुकाबला व्हायचा; म्हणजे एकजण अस्सल कागद मोठ्याने वाचणार आणि अंबादास नकलेवर बोट ठेवून अक्षरन् अक्षर जुळतं का पाहणार. दोन कागद तंतोतंत जुळले, तर एक दुसऱ्यावरून उतरवलेला असतो. आपोआप कोणतेच दोन कागद जुळत नाहीत, हे त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. चिंतामणीच्या गोष्टीत तीन बोटं होती. तीन बोटं आपोआप जुळत नाहीत. चिंतामणीने ही नक्कल केली होती आणि अस्सल त्याला विनताने वाचून दाखवला होता. कधी? तेही त्याला लगेच सापडलं. दोन वर्षांमागे तो विषमज्वराने एकवीस दिवस पडला होता, तेव्हा चिंतामणी रोज शाळेतून थेट यायचा. अंबादास ग्लानीत असायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी दोघांचं हलक्या आवाजात बोलणं चालायचं. तेव्हा त्याला तो आवाज बरा वाटला होता. घर चालू आहे, असं वाटायचं. आता तो एकेक दिवस आठवू लागला. चिंतामणीची बायको सुहासिनी जाऊन चार वर्षं झाली होती तेव्हा. आणि बायकोने नवऱ्याचं बालपण दुसऱ्या माणसाला सांगावं, म्हणजे आणखी काय काय सांगितलं असेल? माणूस बुडता बुडता कसा दिसतो, तेच तिने देऊन टाकलं, तर मागे राहिलं काय? त्याला राग आला होता, पण रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. चिंतामणीने ती गोष्ट इतकी चांगली सांगितली होती, की ऐकताना ती त्याचीच वाटत होती.

घरी विनता तुळशीपुढे रांगोळी काढत होती. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याने तिच्याकडे इतकं बारकाईने पाहिलं नव्हतं. रेषा काढताना ती ओठ आत घ्यायची, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि चिंतामणीला हे आधीच माहीत असेल, असंही वाटलं. तिने विचारलं, आज लवकर कसे? तो म्हणाला, असाच. आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, शकुला, त्याने अंगणात गाठून सहज विचारल्यासारखं विचारलं, मी कचेरीत गेल्यावर चिंतामणीकाका येतात का गं? शकुला मराठी कळायची सगळी, पण तोंडातून हिंदीच निघायची. "कब?" तिने विचारलं. कधीही, तो म्हणाला. ती आठवू लागली, आणि पोर एवढा वेळ काय आठवते आहे, असं अंबादासला झालं. "एक बार आये थे," ती म्हणाली, "आप की दवाई लेके." तेवढ्याने काहीच सिद्ध होत नव्हतं, म्हणूनच त्याचा संशय वाढला. ज्या लोकांच्या कागदात कधीच खाडाखोड नसते त्यांच्यावर कचेरीत आधी नजर ठेवतात.

सोमवार, मंगळवार त्याचं कामात लक्ष नव्हतं. बळीराम नकलनवीस पाटन तहसिलीतल्या कुठल्याशा बांधाच्या भांडणाचा निकाल वाचत होता, अंबादासचं बोट ओळीवरून सरकत होतं, आणि मनात दुसराच मुकाबला चालला होता. चिंतामणीचं वाक्य आणि आपली आठवण, एकेक ओळ. पाय घसरला: जुळलं. देठांचे फास: जुळले. तीन बोटं: जुळली. घोंगडी? घोंगडी आपल्याला का आठवत नाही? आणि उकडलेले शिंगाडे सोलून तोंडात घातले, हे तर त्याच्या गोष्टीत मुळीच नव्हतं. ही चिंतामणीची पदरची भर, असं त्याने ठरवलं. चोर माल तसाच्या तसा ठेवत नाही. पण मग आपल्या गोष्टीचा शेवट काय होता, असं त्याने स्वतःला विचारलं, तर केस धरून ओढण्याच्या पुढे काहीच नव्हतं. त्यानंतर एकदम ताप आणि आईचा हात. एवढ्यात बळीराम थांबला. वाचताना आपण एक अख्खी ओळ गाळली होती आणि अंबादासने टोकलं नाही, असं तो नवलाने सांगत होता. सतरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

बुधवारी एकादशी होती. त्या दिवशी अंबादासने जे केलं त्याची त्याला पुढे फार दिवस शरम वाटली. कचेरीतून येताना त्याने शेरभर शिंगाड्याचं पीठ बांधून घेतलं आणि ती पुडी विनताच्या पुढ्यात ठेवली. आज शिरा कर, तो म्हणाला, चिंतामणीला बोलावलंय, त्याला फार आवडतो. बोलावलं कोणालाच नव्हतं. त्याला फक्त तिचा चेहरा पाहायचा होता. चिंतामणीचं नाव निघाल्यावर त्यावर काय उमटतं ते टिपायचं होतं. विनताने पुडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर चोरी नव्हती, पण भीती होती, आणि ती स्वतःसाठी वाटत नव्हती. काय झालं, तिने विचारलं. मग रविवारपासून कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. चिंतामणी ओसरीवर काय बोलला ते त्याने सांगितलं, विषमज्वराच्या एकवीस दिवसांचा विषय काढला, शकुला विचारलं तेही सांगून टाकलं. आवाज चढला नव्हता. कचेरीत उलटतपासणी चालते तसा तो एकामागून एक बोलत गेला आणि शेवटी म्हणाला, माझी एकच गोष्ट तुझ्यापाशी होती, तीही तू देऊन टाकलीस.

विनता खाली बसली.

"मी कोणाला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "आणि सांगणार तरी काय होते? बुडालेला मुलगा तुम्ही नव्हताच."

"काय म्हणून राहिली तू?"

"तुम्हीच सांगितलं होतं. निळ्या चौकड्यांची बंडी पाठीवर फुगून वर आली. आणि शेंडी पाण्यावर पसरली होती, जानव्याच्या गुंत्यासारखी. हे असंच म्हणाला होतात. बुडणाऱ्याला आपली शेंडी दिसते का हो?"

ती थांबत थांबत सांगत होती, की हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, शिऱ्याचं ताट बाजूला होतं तेव्हाच. पण सांगताना तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि असंच सांगायचं आहे. मी टोकलं असतं, तर पुन्हा कधी काही सांगितलं असतं का मला? म्हणून गप्प राहिले. आणि पीठ घरात आणलं नाही ते काही तुम्ही बुडालात म्हणून नाही, तुम्हाला ते सोसत नव्हतं म्हणून. मग तिचा धीर सुटला आणि चिंतामणीभाऊंचं नाव असं माझ्यासोबत घेताना तुमची जीभ कशी रेटली, असं म्हणून ती रडू लागली. त्याने पुडी उचलली आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

शेंडी. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या कागदातली चूक काढणाऱ्याने ही एक ओळ कधी वाचलीच नव्हती. आता ती वाचली आणि तिच्यामागून बाकीचं एकेक सरळ चालत आलं, जसं काही इतकी वर्षं दाराबाहेरच उभं होतं. ऊन होतं. तो काठावर होता, कोरडा होता. शेजारी निळ्या बंडीचा एक मुलगा होता, नाव माहीत नसलेला, नुकतीच ओळख झालेला, अंबादासपेक्षा चांगले कपडे घातलेला. वेलात एक लालसर टपोरा शिंगाडा दिसत होता. अंबादासला तो हवा होता, पण पाण्याची भीती वाटत होती. म्हणून त्याने बोट केलं. तिकडे बघ, तो मोठा आहे, तुझा हात पुरेल, असं म्हणाला. आणि पुरत नाही म्हटल्यावर, अजून थोडं पुढे, असंही म्हणाला. मग बंडी फुगली आणि शेंडी पसरली. अंबादासने हाक मारली नाही. ढीमराची फळी पलीकडे शंभर हातांवर होती, तो पाठमोरा होता, एक हाक पुरली असती. हाक तोंडात आली होती, पण हाक मारली तर बोट कोणी केलं ते विचारतील, हा विचार तिच्याही आधी आला होता. सहा वर्षांच्या पोराला हे सुचलं होतं. तो मागच्या एरंडात शिरला आणि पानांच्या फटीतून पाहत राहिला. ढीमर आपणहून वळला म्हणून वळला. तीन बोटांचा हात त्या केसांत गेलेला अंबादासने दुरून पाहिला, मग घराकडे धूम ठोकली आणि कोणालाही काही सांगितलं नाही. मुलगा जगला की मेला, हेही त्याने विचारलं नाही. पाण्याखालचं सगळं, ते देठांचे फास, ते हिरवं अंधारणं, हे त्याने नंतर तापात केव्हातरी आपल्या अंगावर ओढून घेतलं असणार. बुडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

आपण दुधाचा पेला का हुंगतो, कडी दोनदा का ओढतो, हे त्याला त्या अंगणात उभ्या उभ्या कळलं, आणि कळून बरं वाटलं नाही. जगात कोणाचाही भरवसा नाही, हे त्याला जगाने शिकवलं नव्हतं. काठावर उभं असलेलं माणूस काय करू शकतं, हे त्याला आतून ठाऊक होतं, एवढंच. आत येऊन त्याने विनताला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, चुकलंच. तिने पान वाढलं, पण त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, चिंतामणीला सांगू का? ती म्हणाली, ते मला विचारू नका.

रविवारी दुपारी तो ओसरीवर गेला नाही. पौर्णिमेला संध्याकाळी चिंतामणी ग्वारीघाटावर असतो, हे अंबादासला माहीत होतं. सांगायचं ठरवूनच तो टांग्यात बसला. एवढ्या वर्षांपूर्वीची गोष्ट, चिंतामणीसारखा माणूस, तो पाठीत थाप मारून हसेल आणि दिवाकरला सांगून रविवारभर पिडेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. घाटावर गर्दी होती. बाया पानांच्या द्रोणात दिवे लावून नर्मदेत सोडत होत्या. चिंतामणी शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभा होता. त्याने बापाचा दिवा सोडला, आईचा सोडला, सुहासिनीचा सोडला. मग अंबादासला पाहून तो मनापासून खूश झाला. डोकं कसं आहे, त्याने विचारलं, आणि चौथा द्रोण उचलला. हा कोणाचा, असं अंबादास विचारून गेला.

"त्या दिवशी तू निघून गेलास ना, म्हणून खरी गोष्ट राहून गेली," चिंतामणी म्हणाला. "मी बुडालो तेव्हा काठावर एक पोरगा होता. मी बाहेर आलो तर नव्हता. मंग त्या ढीमराला बोलावलं कोणी? त्यानंच बोलावलं असणार. हाक मारून गेला बिचारा, ना नाव ना गाव. आई मरेपर्यंत त्याच्या नावाचा दिवा सोडत होती, आता मी सोडतो. दिवाकर म्हणतो, तू कोणावरही भरवसा काहून ठेवतो. अरे, एका अनोळखी पोराच्या हाकेनं मी जगलो. मी भरवसा ठेवू नको तर कोणी ठेवायचा?"

त्याने द्रोण पाण्यावर ठेवला आणि बोटाने हळूच ढकलला. अंबादास त्या दिव्याकडे पाहत राहिला. एकतीस वर्षं, म्हणजे एकतीस दिवे. आपल्या नकळत कोणीतरी आपल्याला इतकं चांगलं मानत होतं. क्षणभर त्याला वाटलं, गप्प राहावं. काय बिघडणार होतं? चिंतामणीचा भरवसा जागच्या जागी राहिला असता, दरसाल एक दिवा आपल्याला मिळाला असता. पण लगेच त्याचा जुना स्वभाव वर आला. याला माहीत तर नाही? मुद्दाम तर नाही सांगून राहिला, मी काय करतो ते पाहायला? मित्राच्या डोळ्यांत पाणी होतं आणि अंबादास ते पाणी खरं की खोटं ते तपासत होता. हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःची इतकी किळस आली, की तोंडातून शब्द आपोआप निघाले.

"त्यानं हाक मारली नव्हती, चिंतामणी."

"तुला काय माहीत?"

"मी होतो तो. एरंडात लपलो होतो. आणि तो शिंगाडा मीच दाखवला होता तुला. अजून पुढे जा म्हणालो होतो. निळी बंडी होती तुझी."

चिंतामणी हसायला गेला आणि थांबला. बंडीचं तो कोणाला बोलला नव्हता. खाली पाण्यात आणखी कोणाकोणाचे दिवे येऊन मिसळले आणि त्यातला त्याचा कोणता ते कळेनासं झालं. वरच्या पायरीवर कोणी बाई पोरांना सांभाळून उतरा म्हणत होती. अंबादास वाट पाहत राहिला; शिवी आली असती तरी त्याला चाललं असतं. चिंतामणी पाण्यातून बाहेर आला, ओल्या धोतराचा सोगा पिळला आणि त्याच्यापासून दोन हात लांब, कोरड्या पायरीवर उभा राहिला. मग त्याने अंबादासकडे नखशिखांत पाहिलं.

"बारा वर्षं माझ्यासोबत बसून राहिला तू," तो सावकाश म्हणाला. "मंग हे आज काहून सांगून राहिला? काय पाहिजे तुला माझ्याकडून?"

हा प्रश्न अंबादासने मनातल्या मनात आजवर सगळ्यांना विचारला होता. चिंतामणीला तो कोणालाही विचारताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.